नुकसान आपले, दंड सरकारजमा

डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी घ्यायची तरी औषधाच्या दुकानात आधी मोबाइल नंबर विचारला जातो. मॉलमध्ये मोजे घेतले तरी नंबर. नातेवाइकाच्या सोसायटीत गेलात तर फाटकावर नंबर, फोटो आणि गाडीचा क्रमांक. लॉजवर आधारची झेरॉक्स. ‘कशाला हवाय?’ असे कुणी विचारलेच तर ‘त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही’ हे उत्तर तयार असते. मागची रांग चुळबुळ करू लागते आणि वाद नको म्हणून माणूस दहा आकडे सांगून मोकळा होतो. मग प्लॉट, कर्ज आणि विम्याचे फोन सुरू होतात, पण नंबर नेमका कुठून फुटला हे त्याला कधीच कळत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ या व्यवहाराला संमती मानत नाही. संमती मुक्त, विशिष्ट कारणापुरती, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, असे त्याचे सहावे कलम सांगते. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आली, कोकणीही आली. गंमत म्हणजे कायद्याने दिलेल्या उदाहरणांत औषधाचे दुकानही आहे. गिऱ्हाइकाने पावतीसाठी आपणहून नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावतीपुरताच वापरायचा. दुसरे उदाहरण टेलिमेडिसिनच्या अॅपचे आहे. वैद्यकीय सल्ल्यासाठी फोनमधील संपर्कयादीची गरज नसते. त्यामुळे कुणी ‘मान्य’ दाबले तरी ती संमती यादीला लागू होत नाही. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले होते. ते किती दुकानदारांनी मनावर घेतले, हे वाचकांनी पुढच्या खरेदीच्या वेळी पाहावे.

म्हणजे व्याख्येत खोट काढायला फारशी जागा नाही. प्रश्न पुढचा आहे. ही व्याख्या पायदळी तुडवली गेली आणि त्यात एखाद्याचे नुकसान झाले, तर त्याच्या हाती काय पडते? नव्या कायद्यानुसार काहीही नाही.

सुरक्षेत कसूर करून डेटा फुटू देणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मथळ्यात हा आकडा भारदस्त दिसतो. पण चौतिसाव्या कलमानुसार ही सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, ज्याचे आजारपण गावभर झाले, त्याच्यासाठी त्यातला एक रुपयाही राखलेला नाही. या कायद्याखालील तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या कक्षेतील बाबींत दिवाणी न्यायालयाचे दारही कायद्याने बंद केले आहे. मंडळ मध्यस्थी सुचवू शकते, एवढाच दिलासा. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचा ठपका बसला तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घर ज्याचे फुटले त्याच्यावरच दंडाची टांगती तलवार ठेवणारा हा न्याय अजब म्हणावा लागेल.

भरपाई वगळणे ही नजरचूक नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डेटा संरक्षणाचा मसुदा करण्याचे काम त्याच वर्षी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीकडे आले. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हेच ते न्यायमूर्ती. त्यांच्या २०१८ च्या मसुद्यात बाधित व्यक्तीला भरपाई मागण्याचे स्वतंत्र कलम होते. २०१९ च्या सरकारी विधेयकातही ते होते. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि नव्या मसुद्यातून भरपाई गळाली. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला कायदा आर्थिक नुकसानीचीच नव्हे, तर मनस्तापाचीही भरपाई मागू देतो.

जुना माहिती तंत्रज्ञान कायदा याबाबतीत अधिक माणुसकीचा होता. त्याच्या कलम ४३-अ नुसार, संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हाच त्या कायद्याखालचा न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे तो ऐकतो. महाराष्ट्रात हे अधिकार नुसते कागदावर राहिले नाहीत. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून फिशिंगने रक्कम काढली गेली, तेव्हा एका सरकारी बँकेने त्याला ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश २०१३ मध्ये राज्याच्या याच अधिकाऱ्याने दिला होता. या यंत्रणेचा गवगवा कधी झाला नाही, हे राज्य सरकारचे अपयश. पण ती होती आणि आहे. नव्या कायद्याने कलम ४३-अ रद्द केले असून, नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ते मे २०२७ मध्ये इतिहासजमा होईल.

भरपाई ठेवली तर दाव्यांचा पूर येईल आणि लहान व्यापारी, नवउद्योग त्यात वाहून जातील, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. मात्र त्यावर उपाय मर्यादा घालण्याचा आहे. छोट्या दाव्यांना रकमेची कमाल मर्यादा ठेवा, प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा मागा. हक्कच काढून घेणे हा उपाय नव्हे.

हा हक्क का हवा, हे समजण्यासाठी कर्ज देणाऱ्या अॅपनी काय केले ते आठवावे. पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी त्यांनी फोनमधील संपर्कयादी आणि फोटो ओढून घेतले. हप्ता चुकला की कर्जदाराच्या बहिणीला, साहेबाला, लग्न ठरलेल्या मुलीच्या सासरी फोन आणि विकृत केलेले फोटो जाऊ लागले. त्या बदनामीपायी काहींनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाच्या अॅपना संपर्कयादी, कॉल-नोंदी आणि फोनमधील फायलींना हात लावण्यास मनाई केली, ती हे सगळे झाल्यावर. आता या बहिणीचा विचार करा. तिने कर्ज घेतले नव्हते, अॅप उतरवले नव्हते, ‘मान्य’ही दाबले नव्हते. भावाच्या गरजेच्या क्षणी तिचा नंबर परस्पर दिला गेला. संमतीच्या नियमांनी तिचे नुकसान भरून निघत नाही. त्यासाठी भरपाईच लागते.

खासगी कंपन्यांची ही कथा, तर सरकारची त्याहून निराळी. अनुदान किंवा लाभ देताना सरकारला संमती मागावीच लागत नाही. माहिती पुसून टाकण्याचे कंपन्यांवरील बंधनही सरकारला लागू नाही. लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचेही आधार पडताळले जाऊ लागले. बोगस लाभार्थी वगळायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण पडताळणीनंतर कोट्यवधी कुटुंबांचा हा जोडलेला तपशील किती वर्षे ठेवणार आणि आणखी कोणाकोणाला दाखवणार, हे त्या महिलेला सांगायला नको का? शिवाय केंद्र सरकार सार्वभौमत्व, सुव्यवस्था आदी कारणांसाठी आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून सरसकट मोकळे करू शकते.

सामान्य माणसाचा खासगीपणा जपताना असा हात आखडणाऱ्या सरकारने बाबूंचा खासगीपणा मात्र तातडीने जपला. कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष मिळाले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मधील बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. आता ‘वैयक्तिक’ असा शेरा पुरतो. व्यापक जनहिताची खिडकी कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती उघडायची की नाही हे तोच अधिकारी ठरवणार. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने आणि ‘आदर्श’ सोसायटीचे सदस्य कोण हे त्याच अधिकारातून शोधणाऱ्या मुंबईने याची चिंता करायला हवी.

मे २०२७ पर्यंत अवधी आहे. तेवढ्यात संसदेने एक छोटी दुरुस्ती करून श्रीकृष्ण समितीचे भरपाईचे कलम परत आणावे आणि सुनावणी राज्यांच्या पातळीवर ठेवावी. महाराष्ट्राच्या लोकसभेतील ४८ खासदारांनी ही मागणी पक्षभेद विसरून लावून धरावी. आणि वाचकांसाठी एक गोष्ट: कलम ४३-अ अजून संपलेले नाही. साधा मोबाइल नंबर त्यात येत नाही. पण पासवर्ड, बँक-खाते व कार्डाचा तपशील, वैद्यकीय नोंदी किंवा बोटांचे ठसे एखाद्या कंपनीच्या हयगयीने फुटून ज्यांचे नुकसान झाले आहे, त्यांनी ते मोडीत निघण्याआधी मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे आपला अर्ज दाखल करावा.