जकातीच्या सवलतीवर धर्मस्वातंत्र्य मिळते काय?

परक्या देशातील नागरिकांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपल्या संसदेने कायदा करावा, ही कल्पना उदात्त खरी. परंतु तिची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अमेरिकेचा या बाबतीतील अनुभव उद्‌बोधक आहे.

ऑगस्ट १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या उच्चशिक्षितांवर शिक्षणखर्चाच्या परतफेडीचा जबर कर बसविला. त्याची झळ मुख्यतः इस्रायलला जाऊ पाहणाऱ्या ज्यूंना बसली. (परदेशी जाणाऱ्या डॉक्टरांकडून शिक्षणाचा खर्च वसूल करावा, असे आपल्याकडेही अधूनमधून म्हटले जाते, मात्र तेथे देश सोडण्याची परवानगीच मुळात सरकारच्या मर्जीवर होती.) सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी यावर उपाय सुचविला: जो साम्यवादी देश आपल्या नागरिकांना बाहेर जाऊ देत नाही, त्याला इतर राष्ट्रांप्रमाणे जकातीची सवलत द्यावयाची नाही आणि सरकारी कर्जही द्यावयाचे नाही.

हे कलम केवळ चर्चेत असतानाच त्याचा प्रभाव दिसला. १९७३ च्या मार्चपासून कराची वसुली थांबली. त्या वर्षी सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले. डिसेंबर १९७४ मध्ये सिनेटने कलम ८८ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले, ३ जानेवारी १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली आणि त्याच महिन्यात मॉस्कोने १९७२ चा व्यापारकरारच झिडकारला. १९७५ साली जाणाऱ्यांचा आकडा १३ हजारांच्या आसपास घसरला. गुप्त वाटाघाटींत जे मिळत होते ते चव्हाट्यावर मागताच मिळेनासे झाले, असे किसिंजर यांचे समर्थक म्हणत. उलट साखारोव यांनी सप्टेंबर १९७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसला खुले पत्र लिहून याच कलमाचा पुरस्कार केला होता. मॉस्कोत राहून असे लिहिणाऱ्याचे मत हलके लेखता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरे मर्म अन्यत्र आहे. त्याच सुमारास दुसऱ्या कायद्याने रशियाला द्यावयाच्या सरकारी कर्जावर चार वर्षांसाठी ३० कोटी डॉलरची मर्यादा घालण्यात आली. इतक्या क्षुल्लक रकमेसाठी कोणती महासत्ता आपल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ सोसेल? १९७९ मध्ये, कायदा जसाच्या तसा असताना, सुमारे ५१ हजार ज्यू बाहेर गेले, कारण तेव्हा शस्त्रमर्यादा कराराची आशा होती. अफगाणिस्ताननंतर संबंध बिघडले आणि १९८६ मध्ये हजारजणदेखील सुटले नाहीत.

१९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यात ही ताठरता टाळली गेली. दोषी देशांची यादी करावयाची, परंतु राष्ट्रहितासाठी शिक्षा माफ करण्याचा अधिकार अध्यक्षांकडे ठेवावयाचा. बहुतेक देशांच्या बाबतीत पूर्वीच लागू असलेले निर्बंध हीच शिक्षा समजण्यात आली! २००४ मध्ये सौदी अरेबिया आणि एरिट्रिया यांची नावे यादीत एकाच वेळी आली. २००५ मध्ये एरिट्रियाला शस्त्रविक्री बंद झाली. सौदी अरेबियाला २००६ पासून सूट मिळत गेली.