दप्तरं राखणारी पोरं

खेळाचा तास सुरू झाला, की वर्गातली पोरं मैदानाकडं धूम ठोकतात. एखादं पोरगं मात्र लिंबाच्या झाडाखाली बसून राहतं. पायानं अधू असतं, नाहीतर डोळ्यानं कमी दिसतं. त्याला काम एकच, सगळ्यांची दप्तरं राखायची. गुरुजींचा हेतू वाईट नसतो. पोराला लागू नये, एवढंच त्यांना वाटतं. पण शाळेची सगळी वर्षं कडेला बसलेलं पोरगं पुढं लग्नकार्यात, जत्रेत, ग्रामसभेतही कडेलाच बसतं, हे कोण लक्षात घेणार?

‘अपंगाचा अन् खेळाचा काय संबंध?’ असं पारावर कुणी म्हणालं, तर त्याला सांगली जिल्हा दाखवावा. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. त्याच पेटकरांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांचा हात शाळेत असताना सायकलवरून पडून अधू झाला. त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. दोघंही आपल्यासारख्याच गावांतून पुढं आलेले. अशी किती पोरं आपण झाडाखाली बसवून ठेवली असतील?

कायद्याचं म्हणाल, तर तो केव्हाच झाला आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. अपंगांना खेळात भाग घेता यावा म्हणून शासनानं उपाय योजावेत, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अपंगांना आता आपण दिव्यांग म्हणतो. नाव बदललं, मैदानावरची जागा मात्र बदलली नाही. ३ डिसेंबरला जागतिक दिन म्हणून हार-तुरे होतात. ४ तारखेला सगळं पहिल्यासारखं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: ‘पैसा कुठाय?’ खरं तर पैशापेक्षा डोकं जास्त लागतं. आंधळ्या मुलांच्या क्रिकेटचा चेंडू खुळखुळ वाजतो आणि तो जमिनीलगत टाकतात. आवाजावर पोरं फटका मारतात. पळताना दोरीचं एक टोक त्यांच्या हाती आणि दुसरं डोळस सोबत्याच्या हाती दिलं, की झालं. ऐकू न येणाऱ्याला शिट्टीऐवजी झेंडी दाखवावी. पायानं अधू असलेल्याला पक्क्या रोवलेल्या स्टुलावर बसून गोळा फेकता येतो. यातलं काय गावच्या सुताराला, लोहाराला जमणार नाही?

शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत, असा दंडक आहेच. त्यातला थोडा भाग खेळाच्या साहित्यावर, मैदानापर्यंतच्या सपाट वाटेवर खर्च झाला तर काय बिघडेल? वैयक्तिक मदत बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. तीही हवीच. पण तरण्या पोराला सवंगडीही लागतात. ते चेकनं मिळत नाहीत.

आईबापांनाही दोन शब्द. पडेल, झडेल म्हणून पोराला घरात कोंडू नका. मुलगी असेल, तर तिच्यावर दुहेरी कुलूप असतं. आधी मुलगी म्हणून, मग अपंग म्हणून. धडधाकट पोरंही पडूनच शिकली ना?

म्हणून येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावात अशी मुलं किती आणि त्यातली मैदानावर येतात किती? ५ टक्क्यांचा हिशेबही मागा. शाळेच्या आणि गणेशोत्सवाच्या स्पर्धांत यंदा निदान एक खेळ या मुलांना सगळ्यांबरोबर खेळता येईल असा ठेवा. मंडळांच्या पोरांनी मनावर घेतलं, तर त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.