घरातलं तंत्र : डबा मंद की वाट अरुंद?



गेल्या महिन्यात काचीगुड्याला आईबाबांकडे गेले, तर दारातच बाबांनी सुनावलं, "तो तुझा डबा परत घेऊन जा. एवढे पैसे घातलेस, त्यापेक्षा आमचा पेन ड्राइव्ह बरा!"

डबा म्हणजे नॅस. राउटरला वायरनं जोडलेली हार्डडिस्क, जिच्यावरचे फोटो आणि व्हिडिओ घरातल्या प्रत्येकाला आपापल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर पाहता येतात. दिवाळीत मीच हौसेनं बसवून दिली होती. बाबांच्या तक्रारी तीन होत्या. फाइल टाकायला फार वेळ लागतो. फोटोंचा फोल्डर हलता हलत नाही. आणि भावाच्या मुंजीचा व्हिडिओ हॉलमध्ये लावला की दर दोन मिनिटांनी अडकतो.

तिसरी तक्रार आईला जास्त लागली होती. २००३ सालच्या त्या चित्रणात घाणा भरताना आजीनं म्हटलेल्या ओव्या आहेत. आजी आता नाही. तिचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे, आणि तोही ओवीच्या मध्येच तुटत होता.

मलाही आधी वाटलं, डिस्कच वाईट निघाली. पण नॅस एकटं काम करत नाही. डिस्क, वायर, राउटर, वायफाय आणि शेवटी आपला लॅपटॉप अशी ती साखळी आहे. तिचा वेग सगळ्यात अशक्त कडीएवढाच. म्हणून एकेक कडी तपासायला घेतली.

आधी एक घोटाळा दूर करू. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरवरून सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच जातात. १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट वायरवरून साधारण ११० जातात. आजची साधी साडेतीन इंची हार्डडिस्क एक सलग मोठी फाइल यापेक्षाही वेगानं वाचू शकते.

मी लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला आणि एक मोठी फाइल उतरवायला घेतली. आकडा ११ वर जाऊन बसला, खाली नाही की वर नाही. दुखणं असलेली डिस्क सहसा इतकी एकसारखी चालत नाही. ही वायरची खूण होती. नॅसच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहिला, तर १००!

राउटर हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये आणि डबा माळ्यावर. मधली वायर रंगकामाच्या वेळी भिंतीवर ठोकताना एका खिळ्याखाली चेपली होती. नेटवर्कच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की बऱ्याचदा जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागलेला, सगळं चालू, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पार्क लेनच्या सीटीसीतून नवी वायर आणली आणि आकडा ११० च्या आसपास गेला. मुंजीची एक तासाची मिनी-डीव्ही फाइल सुमारे १३ जीबीची आहे. तिला आधी वीस मिनिटं लागायची, आता दोन.

तुमच्याकडे वायर चांगली असूनही १००च दिसत असेल तर राउटरचं पोर्ट पाहा. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या काही राउटरवर एखादंच पोर्ट गिगाबिट असतं.

पण व्हिडिओ अडकण्याचा दोष या वायरचा नव्हता. मिनी-डीव्हीला सेकंदाला जेमतेम ३० मेगाबिट लागतात, म्हणजे १०० सुद्धा भरपूर झाले. हॉलमधला लॅपटॉप वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता, मध्ये जुन्या घराची जाड भिंत, आणि शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची त्याच पट्ट्यात गर्दी. लॅपटॉपलाही वायर दिली, प्रश्न मिटला. वायर शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरून पाहा, पण ते भिंतीपलीकडे कमी पोचतं, म्हणून राउटर त्याच खोलीत हवा.

फोटोंच्या फोल्डरचं कारण आणखी वेगळं. हजारो छोट्या फाइली म्हणजे ज्वारीचं पोतं न उचलता दाणे मोजून नेणं. प्रत्येक फाइल शोधायची, उघडायची, बंद करायची. शिवाय नवे फोटो टाकले की काही दिवस नॅस मागच्या मागे त्यांची छोटी चित्रं बनवत बसतं. तिथे थोडा धीर धरावा लागतो.

आता, डिस्क कधीच दोषी नसते असंही नाही. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सलग लिहिताना त्या फार मंदावतात. याला एसएमआर म्हणतात. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क अशा असल्याचं वेस्टर्न डिजिटलनं २०२० साली मान्य केलं, तेव्हा बरीच ओरड झाली होती. नॅससाठी डिस्क घेताना 'सीएमआर' आहे का, एवढं विचाराच. आणि डिस्क टक् टक् आवाज करत असेल, किंवा नॅसच्या आरोग्य तपासणीत खराब सेक्टर वाढत असतील, तर वेगाचा विचार सोडा. आधी माहिती दुसरीकडे हलवा.

यावरूनच मी बाबांना विचारलं, "मुंजीची फाइल आणखी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? डब्यात टाकली, कॉम्प्युटरवरची पुसली. जागा नको का व्हायला?"

"आणि कॅसेट?"

"कॅमेऱ्याबरोबर गेली भंगारात."

म्हणजे आजीचा आवाज त्या एका डिस्कवर होता, आणि तीच आम्ही परत करायला निघालो होतो! त्यात दोन डिस्क असत्या तरी फरक पडला नसता. एकीचं प्रतिबिंब दुसरीत असलं की चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. त्याच संध्याकाळी बाहेरची एक डिस्क घेऊन सगळं उतरवलं आणि ती माझ्याबरोबर कोंडापूरला आणली.

तरुण मंडळींनो, या रविवारी आईबाबांकडे दोन गोष्टी पाहून या. लिंक स्पीड १०० आहे की १०००? आणि घरातल्या सगळ्यात मोलाच्या फाइलची दुसरी प्रत कुठे आहे? पहिलीचं उत्तर मनासारखं नसेल तर फक्त वेळ जातो. दुसरीचं नसेल, तर जेवायला बसण्याआधी प्रत काढा.

बाबा आता डबा परत द्यायला तयार नाहीत. आई रोज संध्याकाळी ओव्या लावते म्हणे.