आडनाव विचारण्याआधी



उन्हाळा लागला, बदल्यांचे हुकूम निघाले, की आपल्या वाशिम, रिसोड, कारंज्यात बिऱ्हाडं हलू लागतात. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्ह्याचं ठिकाण म्हटलं की कचेऱ्या आल्या, आणि बाहेरगावचे नोकरदारही आले. कुणी शिक्षिका, कुणी नर्सबाई. त्यांना घर हवं असतं आणि आपल्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात.

खोल्या दाखवायचं काम बहुधा आपल्याच वाट्याला येतं. बाई येते, आपण पाणी देतो, खोल्या दाखवतो. तिला पसंत पडतात. मग आपण सहज विचारल्यासारखं विचारतो, ‘‘आडनाव काय म्हणालात?’’ त्यावरून उलगडा झाला नाही, तर ‘‘कोणत्या समाजाचे तुम्ही?’’ उत्तर ऐकलं की, ‘‘अगं बाई, ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय वाटतं!’’

ती काही बोलत नाही. पण तिला सगळं समजतं, बरं का! पायऱ्या उतरताना बोटाला धरलेल्या लेकरानं, ‘‘आई, हे घर का नाही?’’ असं विचारलं, तर तिनं काय सांगावं?

ही आजची गोष्ट नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका-इंग्लंडहून शिकून बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. एवढे शिकलेले, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली आणि संध्याकाळच्या आत त्यांना ती जागा सोडावी लागली. ज्या माणसानं पुढं देशाच्या घटनेचं काम पाहिलं, त्याला एक खोली मिळाली नव्हती!

आता कायद्याचंही ऐकून ठेवा. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. त्याला कैद आणि दंड, दोन्ही आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेलाही पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. खासगी खोलीच्या बाबतीत धर्मावरून दिलेल्या नकाराला कायदा इतका स्पष्ट अडवत नाही, हे खरं. पण तिथं आपली माणुसकी आहेच की!

‘‘पण सासूबाईंना चालत नाही,’’ असं पुष्कळजणी म्हणतात. त्यासाठी एक सोपी युक्ती सांगते. कुणी यायच्या आधीच घरात बसून अटी ठरवा आणि कागदावर लिहा:

• भाडं आणि अनामत रक्कम किती.
• माणसं किती राहणार.
• पाणी कोणत्या वेळी, किती. आपल्याकडे उन्हाळ्यात खरी भांडणं पाण्यावरूनच होतात!
• विजेचं बिल कसं वाटायचं, गाडी कुठं लावायची, जिना-अंगण कोणी झाडायचं.

जी येईल तिला हाच कागद दाखवा. अटी मान्य असतील त्यांत जी आधी आली, तिला खोली द्या. आडनाव करारपत्रावर लिहिताना कळेलच. आणि करारपत्र कराच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं.

सासूबाईंना एवढंच विचारा, आपल्या लेकीची बदली परगावी झाली आणि तिला कुणी जात विचारून दारातून परत पाठवलं, तर? बहुतेक सासूबाई या प्रश्नावर गप्प होतात.

पुढच्या खेपेला कुणी खोली पाहायला आली, तर आडनावाआधी एवढंच विचारा, ‘‘चहा घेणार ना?’’