आठवड्यातून तीनदा यायचं कसं?

त्वचेच्या लिम्फोमावर, म्हणजे एका कर्करोगावर, प्रकाशाचा उपचार करतात, असं सांगितलं की लोक अविश्वासाने बघतात. मी सरकारी रुग्णालयात प्रकाशोपचाराची खोली सांभाळते. चट्टे फिके पडताना मी रोज बघते.

मायकोसिस फंगॉइड्स हा या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार. कंबर, मांड्या अशा कपड्याखालच्या जागी चट्टे उठतात. गजकर्ण समजून माणूस मेडिकलमधून ट्यूब आणून चोळत राहतो आणि त्यात वर्षं जातात. चट्टे पातळ असतील तर नॅरोबँड यूव्हीबी हे अतिनील किरण. जाड असतील तर त्वचा उजेडाला संवेदनशील करणाऱ्या सोरालेनची गोळी देऊन दोनेक तासांनी यूव्हीए किरण. सोरालेन आपल्या बावचीतही असतं. कोडावर बावची लावून उन्हात बसणं आपल्याकडे जुनंच. आजार रक्तात उतरला तर रक्त बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींवर यूव्हीए सोडतात. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ रुग्णांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष अमेरिकी डॉक्टर रिचर्ड एडलसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले. २७ जणांची त्वचा सुधारली.

आमच्याकडे मात्र उपचार अडतो तो एसटीच्या तिकिटावर. मराठवाड्यातून येणारे एक काका गॉगल लावून, काखेतही उजेड पोचावा म्हणून हात डोक्यावर घेऊन केबिनमध्ये उभे राहतात. उजेड काही मिनिटांचाच, पण त्यासाठी अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. असं आठवड्यातून तीनदा, काही महिने. सुगीत त्यांच्या खेपा चुकल्या की डोस पुन्हा खाली आणावा लागतो, नाहीतर कातडी भाजते. "ताई, परत पहिल्यापासून का?" असं ते विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. अशा माणसाला 'उपचार अर्धवट सोडणारा' म्हणणं मला मान्य नाही. सोय आपण केली नाही, दोष त्याला का?

यूव्हीबीची केबिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी आणि ती चालवणारं प्रशिक्षित माणूसही हवं, नाहीतर यंत्र धूळ खात पडेल. हा लिम्फोमा दुर्मीळ आहे, मग एवढा खर्च कशाला, असं कोणी म्हणेल. पण त्याच केबिनमध्ये सोरायसिस आणि कोडाचे रुग्णही उभे राहतात. ती रिकामी राहणार नाही. आरोग्य विभागाने येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करावी. आणि वाचकहो, मलमाने न जाणारा जुना चट्टा अंगावर असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बायोप्सी करायची का, हे स्वतःहून विचारा.