शाल नको, फी भरा



निकाल लागले की आपल्याकडे गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. गणेश मंडळ, ज्ञातिसंस्था, पतपेढी, सगळ्यांचे फ्लेक्स सारखेच: नव्वद टक्क्यांच्या वरची मुले, पाहुण्यांच्या हस्ते ट्रॉफी. अभ्यास करणाऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पदवीची तिन्ही वर्षे गावासाठी राबलेल्या पोराला त्या व्यासपीठावर जागा नसते. फार तर खुर्च्या मांडायला बोलावतात.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक होते ४० हजार. आज ते ४० लाखांच्या घरात आहेत. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा नियम. असे शिबिर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी आणि मग ओढ्यावर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडे शिवायची, सांधे चुकवत एकावर एक रचायच्या. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. तोवर पारावर बसून गंमत पाहणारी गावची मंडळी एकेक करून घमेली उचलायला येतात, आणि शिबिर संपायच्या आत पाणी अडू लागते.

याचे मोल काय? प्रमाणपत्र आणि काही विद्यापीठांत सवलतीचे गुण. केंद्राचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, एक लाख रुपये आणि रौप्यपदक. पण तो देशभरातून जेमतेम तीस-चाळीस स्वयंसेवकांना. बाकीच्यांचे तास कामाच्या डायरीतच राहतात.

अशा मुलांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायला हवी. ‘सेवेला पैसे कशाला? ती निरपेक्षच हवी,’ असे कुणी म्हणेल. असे म्हणणाऱ्याचा महिन्याचा पगार बहुधा वेळेवर होत असतो. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, जातपात न बघता मुलांना एका पंगतीत बसवले आणि त्यांच्या हाती कुदळही दिली. ‘कमवा आणि शिका’ म्हणताना त्यांना शिक्षणाचा अपमान वाटला नाही. शिष्यवृत्ती म्हणजे सेवेची मजुरी नव्हे. संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहणारा मुलगा १२० तास कुठून आणणार? त्याला आधार दिला नाही, तर समाजसेवा ही घरून डबा येणाऱ्यांचीच हौस होऊन बसेल.

निवड करताना मात्र फोटोंच्या फायली मागवू नका. एका रोपाला बारा हात लागलेले फोटो आपण पुष्कळ पाहिले. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, ग्रामसेवकाला विचारा, रक्तपेढीत विचारा. आजारी आईची शुश्रूषा करून शेजारच्या पोरांना शिकवणारी मुलगी कुठल्याच योजनेत नाव घालत नाही. तिचेही नाव त्यांच्याकडूनच कळेल.

पुढच्या वर्षी निकालानंतर आपल्या मंडळाच्या यादीत असे एक तरी नाव घ्या. तो बी.एड. करणार असेल, ती एम.एस.डब्ल्यू.ला जाणार असेल, तर पहिल्या वर्षाची फी थेट महाविद्यालयात भरा. पैसे कमी पडले तर शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स यांचा खर्च वाचवा.