गाळा एकाचा, खांब सर्वांचा

मुंबईतील काळबादेवी, भुलेश्वर, मस्जिद बंदर या भागांत, पुण्याच्या रविवार पेठेत, किंबहुना राज्यातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेत अशा इमारती दिसतात की, ज्यांची मालकी एकाची, वहिवाट वीस-पंचवीस भाडेकरूंची आणि त्यांत दिवसभर राबणारी माणसे त्याहून कितीतरी अधिक. तळमजल्यावर कापडाची पेढी, वर वकिलाची कचेरी, तिच्या शेजारी छापखाना, त्यावर सोनारकामाचा कारखाना. अशा इमारतींच्या अंतर्भागात फेरफार चालू नाही असा दिवस जात नाही. कोणी पोटमाळा चढवतो, कोणी दोन गाळ्यांमधील भिंत काढतो, कोणी जुन्या लादीवर नवी लादी बसवतो. या फेरफारांची योजना कोण आखतो, कोणाला विचारून आखतो आणि ती चुकली तर किंमत कोण मोजतो, हे प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतात. इमारत कोसळली वा पेटली की चार दिवस हळहळ व्यक्त होते, चौकशी जाहीर होते आणि शेजारच्या इमारतीत हातोडा पुन्हा चालू लागतो.

हा प्रश्न अभियंत्यांचा व कंत्राटदारांचा आहे, पक्षाचा नाही, असे मानण्याकडे कार्यकर्त्यांचा कल असतो. तो कल सोडण्याची वेळ आली आहे. अनेकांच्या जीविताशी संबंध असलेला निर्णय एकट्याने घेण्याचा अधिकार मालमत्तेला वा पैशाला असावा काय, हाच येथील मूळ प्रश्न आहे, आणि समाजवादाचा मूळ प्रश्नही याहून वेगळा नाही.

‘अंतर्गत’ म्हणजे कोणाचे?

कायद्याची भूमिका पाहण्यासारखी आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ४३ व्या कलमानुसार, ज्या कामांचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो त्यांना विकास परवानगीच्या बंधनातून सूट आहे. वारसा इमारतींचा तेवढा अपवाद. मुंबईपुरता १८८८ चा महानगरपालिका अधिनियम याहून कडक आहे. त्याच्या ३४२ व्या कलमानुसार खोलीचे विभाजन, वाटेचे वा मोकळ्या जागेचे खोलीत रूपांतर अशा फेरफारांची आगाऊ सूचना पालिकेला द्यावी लागते. परंतु किरकोळ भाडेकरू-दुरुस्तीला तेथेही सूट आहे, आणि व्यवहारात ‘किरकोळ’ या शब्दाच्या आड पुष्कळ काही लपते.

भाडे नियंत्रणाचा १९९९ चा कायदा घेतला तर तो फेरफाराकडे एकाच दृष्टीने पाहतो : या कारणावरून मालकाला भाडेकरूस बाहेर काढता येईल काय? मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास जागा सोडावी लागते. मात्र लाकडी आडभिंत, दार, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे ही कामे, जेथे आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केली असल्यास, कायम बांधकामात मोडत नाहीत. ही तरतूद भाडेकरूच्या संरक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण या सर्व विचारात पक्ष दोनच, मालक आणि तो भाडेकरू. वरच्या मजल्यावरचा दुसरा भाडेकरू, त्याचा कारकून, जिन्यावरून ओझे नेणारा हमाल यांना त्या संमतीत कोठेही स्थान नाही.

वस्तुतः इमारत ही एकसंध रचना असते. सिमेंट-काँक्रीटच्या बांधणीत मजल्याचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा पायावर जातो. जुन्या बांधणीत हेच काम जाड भिंती व सागवानी खांब करतात. तळमजल्यावरील खांब एखाद्या दुकानाच्या मधोमध येत असेल, त्यामुळे मांडणीस अडचण होत असेल. पण तो त्या दुकानाचा नसतो, त्यावरील सर्व मजल्यांचा असतो. तो तासला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो, आणि तेवढा भार घेण्यासाठी ते बांधलेले नसतात. लादीचा हिशेब तर कोणासही करता येईल. हजार चौरस फुटांच्या मजल्यावर दोन इंच जाडीचा मसाला व लादी नव्याने घातली तर सुमारे १० टन वजन वाढते. त्यावर कागदाचे गठ्ठे वा कापडाच्या गाठी रचल्या की ते आणखी वाढते. लादी बसवणाऱ्याच्या दृष्टीने काम ‘अंतर्गत’. खालच्या गाळ्यातील माणसाच्या दृष्टीने त्याच्या डोक्यावरील काम.

घडलेल्या घटनांचा धडा

२७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मृत्युमुखी पडली. वर पालिकेचे कर्मचारी कुटुंबांसह राहत होते, तळमजला गोदामासाठी भाड्याने दिलेला होता. त्या गोदामात केलेले फेरफार तपासात कारण म्हणून पुढे आले आणि त्यावरून खटला भरला गेला. १९३० साली परदेशी कापडाची मालमोटार अडवताना प्राण देणाऱ्या गिरणी कामगाराचे नाव असलेल्या इमारतीत कामगारांचीच कुटुंबे गाडली जावीत, आणि मालक म्हणून सार्वजनिक संस्थाच असावी, हे अधिक शोचनीय आहे. मालकी सार्वजनिक असली म्हणजे निर्णय लोकाभिमुख होतोच असे नाही, हा त्यातील धडा समाजवाद्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील शुश्रूषागृहात नूतनीकरण चालू असताना ती इमारत कोसळून १७ जण दगावले. त्यापूर्वी मे २०१५ मध्ये काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या लाकडी बांधणीच्या इमारतीला आग लागली. ती विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि अग्निशमन दलाचे ४ अधिकारी प्राणास मुकले. दाटीवाटीच्या गल्लीत जुन्या लाकडाचे सांगाडे उभे असताना त्यांत काय साठवले जाते, कोणती वाट मोकळी राहते, याची चिंता प्रत्येक गाळ्याने आपापल्यापुरती करून भागत नाही, हे त्या रात्री दिसून आले.

एस्प्लनेड मॅन्शनची कथा संथ गतीची, पण तितकीच बोलकी आहे. काळा घोडा येथील ही ओतीव लोखंडी सांगाड्याची इमारत १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून उभी राहिली. ७ जुलै १८९६ रोजी भारतातील पहिला चलत्‌चित्रपट तेथे दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद झाले, अंतर्भाग आडभिंतींनी तुकड्यातुकड्यांत विभागला गेला आणि तेथे वकिलांच्या कचेऱ्या, लहान व्यवसाय व बिऱ्हाडे आली. २००५ साली सज्जांचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला आणि २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. कोणा एकाच्या आडभिंतीने ती मोडकळीस आली असे म्हणता येणार नाही. अनेकांनी आपापल्यापुरता विचार केला, संपूर्ण इमारतीचा विचार करण्यास कोणीही बांधलेला नव्हता.

नफा एकाचा, धोका सर्वांचा

यामागील अर्थकारण समजून घेतले पाहिजे. पोटमाळ्याने वाढलेली जागा ज्याच्या गाळ्यात येते, लाभ त्याला होतो. धोका मात्र सर्व मजल्यांवर वाटला जातो. लाभ रोजचा आणि मोजता येण्याजोगा, धोका अनिश्चित आणि इतरांचा. अशा स्थितीत प्रत्येकाने आपले हित पाहिले की सर्वांचे हित आपोआप साधते, हे बाजारवाद्यांचे तत्त्व इमारतीच्या दारातच कोसळते.

मालकाचे हितसंबंधही विचित्र झाले आहेत. जुने भाडे नाममात्र असल्याने इमारत सांभाळण्यात त्याला रस नसतो. पागडीच्या हस्तांतरात मात्र असतो. मालकाने नोटीस मिळूनही १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरूंनी ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय कायद्यात आहे; परंतु एका वर्षात वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. जेथे भाडेच नाममात्र तेथे त्याच्या चौथाईत जिन्याची पायरीही नीट होत नाही. परिणामी आवश्यक दुरुस्ती पडून राहते आणि नफ्याचे फेरफार तेवढे पार पडतात.

याची दुसरी बाजूही आहे. मालक वा नवा खरेदीदार जेव्हा स्वतः ‘नूतनीकरणाची योजना’ आणतो, तेव्हा पुष्कळदा ती लहान भाडेकरूला हुसकावण्याची योजना असते. जिना महिनोन्‌महिने खोदून ठेवणे, पाणी अनियमित करणे, धुळीने गिऱ्हाईक तोडणे हे त्याचे मार्ग. अत्यावश्यक सेवा तोडण्यास कायद्याने मनाई आहे. दुरुस्तीसाठी जागा सोडावी लागल्यास परत येण्याचा हक्कही आहे. पण दोन वर्षे बंद राहिलेला शिंपी हक्क बजावण्यासाठी शिल्लक राहतो काय? ज्या कंपन्यांचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये वा अधिक आहे त्यांना भाडे नियंत्रण लागू नाही, म्हणजे त्यांच्याकडून बाजारभावाने भाडे घेता येते. मग मालकाला कोणता भाडेकरू हवा असेल हे सांगावयास नको.

योजना कशी असावी?

फेरफारच नकोत अशी भूमिका कोणी घेऊ नये. जुन्या तारा, गळके नळ, अंधारे जिने हे काही श्रमिकांच्या हिताचे नव्हेत. प्रश्न योजनेचा आहे, आणि योजना संपूर्ण इमारतीचीच असली पाहिजे.

प्रथम इमारतीचा मूळ नकाशा आणि आजची प्रत्यक्ष स्थिती यांची मजलावार तुलना व्हावी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तिचा अहवाल मालकाच्या कपाटात न राहता प्रत्येक गाळ्यात पोहोचावा. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे प्रमाणपत्रही तसेच दर्शनी भागी लावावे. त्यानंतर सामाईक बाबींची यादी करावी : खांब, तुळया, जिना, वाटा, विजेची मुख्य तार व मीटरची खोली, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ. यांना हात लावणारे कोणतेही काम सर्वांच्या बैठकीत मांडल्यावाचून सुरू होऊ नये.

कामाचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आधी संरचनेची मजबुती, मग वीज व पाणी, मग गाळे, आणि गाळ्यांतही एका वेळी एकच टप्पा. एखादा रिकामा गाळा असेल तर ज्याचे काम चालू आहे त्याने तेवढ्या काळापुरता तेथे धंदा मांडावा. बाहेर पडण्याची वाट कोणत्याही दिवशी बंद नसावी. जागा सोडण्यापूर्वी क्षेत्रफळ, भाडे, परतीची तारीख आणि विलंबाची भरपाई लेखी ठरावी. संरचनेचा खर्च मालकाचा, सामाईक सोयींचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि खाजगी सोयीचा खर्च तिचा लाभ घेणाऱ्याचा, ही वाटणी न्याय्य ठरेल.

या योजनेत आणखी दोन वर्गांना स्थान हवे. पहिला, गाळ्यांतील नोकरवर्ग. भाडेपावतीवर त्यांचे नाव नसते, पण इमारतीत सर्वाधिक तास तेच असतात. दुसरा, प्रत्यक्ष काम करणारे सुतार, गवंडी, रंगारी. प्लायवूडचे ढीग, थिनरचे डबे आणि उघड्या तारा यांच्यामध्येच रात्री झोपणारा हा परप्रांतीय मजूर कोणाच्याही सुरक्षेच्या हिशेबात नसतो.

अशाने कामास विलंब होईल, असा आक्षेप घेतला जाईल. पंधरा दिवसांची सूचना आणि एक बैठक एवढा विलंब ६१ मृत्यूंच्या तुलनेत मोठा म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की भाडेकरूंचे एकमत कधीच होणार नाही. एकमताची आवश्यकताही नाही. योजना उघड असावी, हरकत नोंदवण्याची संधी असावी आणि खांबाला हात लावण्याच्या प्रश्नावर अभियंत्याचे मत बहुमतापेक्षा वरचे असावे, एवढे पुरे आहे.

भाडेकरूंच्या चळवळीने आजवर भाडेवाढ व बेदखली यांविरुद्ध लढे दिले, आणि ते आवश्यक होते. पण भाडेकरू म्हणजे सदैव पीडित, असे गृहीत धरल्याने स्वतःच्या पोटमाळ्याने शेजाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्या भाडेकरूला चळवळीने कधी जाब विचारला नाही. तो विचारण्याचे धैर्य दाखवले, तरच मालकाला जाब विचारण्याचा तिचा नैतिक अधिकार वाढेल. कार्यकर्त्यांनी आपापल्या विभागातील एकेका व्यापारी इमारतीत भाडेकरू व नोकर यांची संयुक्त समिती उभी करावी. तपासणीचा अहवाल व अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र मागावे आणि फेरफाराचा प्रत्येक नकाशा मराठीतील सूचनेसह प्रवेशद्वारावर लागेल असा आग्रह धरावा. राज्य विधिमंडळात ४३ व्या कलमाच्या दुरुस्तीची मागणी व्हावी : एकाहून अधिक भाडेकरू असलेल्या इमारतीत खांब, तुळई, भारवाही भिंत वा जिना यांना स्पर्श करणारे काम ‘अंतर्गत’ समजले जाऊ नये. कायदा बदलण्यास वेळ लागेल. परंतु इमारतीच्या दारात नकाशा लावून घेण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी त्या इमारतीतील माणसे एकत्र आली म्हणजे पुरे.